मुद्दल खाल्लेले बेट

१९ मे १९८९ रोजी नाउरूने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियावर दावा दाखल केला. फिर्यादी देशाचे क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असे चार-पाच देश सहज मावतील. लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास. भांडण सीमेचे नव्हते, मासेमारीच्या हद्दीचेही नव्हते. तुम्ही आमच्या जमिनीतून फॉस्फेट काढून नेले, आता ती जमीन पुन्हा राहण्याजोगी करण्याचा खर्च द्या, एवढीच मागणी होती. १ जुलै १९६७ च्या आधी, म्हणजे परक्यांच्या कारभारात जी जमीन खणली गेली, तेवढ्यापुरताच हा दावा होता. त्यानंतर जे खणले गेले, त्याचा जाब कोणाला विचारायचा हा प्रश्न त्या कागदपत्रांत नव्हता. खरा कठीण प्रश्न तोच होता.

नाउरू हे प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला असलेले एकाकी बेट. किनाऱ्यालगत नारळी-केवड्याची अरुंद पट्टी आणि तिच्या आत उंच पठार. हे पठार तिथले लोक ‘टॉपसाइड’ म्हणून ओळखतात. पठाराखाली प्रवाळाच्या चुनखडीचे उंच सुळके आणि त्या सुळक्यांच्या मधल्या घळींमध्ये हजारो वर्षे साठत गेलेले, जगातल्या अत्यंत शुद्ध प्रतीत गणले जाणारे फॉस्फेट. १७९८ मध्ये जॉन फर्न हा ब्रिटिश कप्तान तिथून गेला, तेव्हा त्याने या हिरव्यागार बेटाला ‘प्लेझंट आयलंड’ असे नाव दिले. बेटावरची माणसे बुआडाच्या तळ्यात मासे पाळत, फ्रिगेट पक्षी धरून माणसाळवत, नारळ आणि केवड्याच्या फळांवर गुजराण करत. दुष्काळ पडे तेव्हा हाल होत, पण जगण्यासाठी बाहेरून काही आणावे लागत नसे. १८८८ मध्ये जर्मनीने बेट ताब्यात घेतले, ते खोबऱ्याच्या व्यापारासाठी. पायाखाली काय आहे, याची जर्मनांना कल्पना नव्हती.

ती कल्पना आली सिडनीतल्या एका कचेरीत. पॅसिफिक आयलंड्स कंपनीच्या कचेरीत नाउरूहून आणलेला एक दगड दार अडवायला ठेवलेला असे. जुन्या लाकडाचा दगड झाला असावा, असा सगळ्यांचा समज होता. १८९९ मध्ये अल्बर्ट एलिस या तरुण कर्मचाऱ्याला शंका आली. त्याने तो दगड तपासला, तर तो उत्तम प्रतीचे फॉस्फेट निघाला. पुढच्याच वर्षी एलिस नाउरूच्या पूर्वेकडच्या बानाबा बेटावर पोहोचला. तिथेही तोच दगड होता. त्याने बानाबाच्या लोकांशी करार केला: खनिजाचा हक्क ९९९ वर्षांसाठी, मोबदला वर्षाला ५० पौंड. नाउरूवर जर्मनांशी बोलणी करून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच खाणकाम सुरू झाले. जमीनमालकाला मिळत असे टनामागे अर्धा पेनी.

या अर्ध्या पेनीच्या दुसऱ्या टोकाला कोण होते, हे पाहणे महत्त्वाचे आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या जमिनीत स्फुरद फार कमी. सुपरफॉस्फेट घातल्याशिवाय तिथे ना गहू धड पिके, ना मेंढ्यांची कुरणे हिरवी राहत. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैन्याने नाउरू घेतले. १९१९ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांनी करार करून ‘ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स’ ही संस्था काढली आणि कंपनीचे हक्क ३५ लाख पौंडांना विकत घेतले. वाटणी ठरली ब्रिटनला ४२ टक्के, ऑस्ट्रेलियाला ४२ टक्के आणि न्यूझीलंडला १६ टक्के. राष्ट्रसंघाने बेट या तिघांच्या हवाली केले ते तिथल्या लोकांच्या कल्याणाचे विश्वस्त म्हणून. खनिज मात्र या तीन देशांतल्या शेतकऱ्यांना उत्पादनखर्चाच्या भावाने मिळेल, अशी तजवीज करारातच होती.

जगाच्या बाजारात फॉस्फेटचा भाव एक आणि नाउरूहून निघालेल्या फॉस्फेटचा भाव दुसरा, तोही कितीतरी कमी. मधला फरक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या गव्हाच्या आणि लोकरीच्या किमतीत मुरला. नफाच दाखवायचा नाही म्हटल्यावर मालकाला नफ्यातला वाटा देण्याचा प्रश्न येत नाही. कमिशनर्सच्या वहीत काहीच गैर दिसत नव्हते. टन किती, मजुरी किती, जहाजभाडे किती, सगळे नीट मांडलेले होते. नव्हता तो फक्त एक रकाना: जे उचलून नेले आणि पुन्हा कधी तयार होणार नाही, त्याची किंमत.

१९३० मध्ये ऐवोच्या किनाऱ्यावर समुद्रात झेपावणारे पोलादी कॅन्टिलिव्हर उभे राहिले. खोल समुद्रात नांगरलेल्या जहाजांच्या पोटात फॉस्फेट थेट ओतता येऊ लागले. कामाला चिनी आणि गिल्बर्ट-एलिस बेटांवरचे मजूर होते. नाउरूवासी बव्हंशी आपलीच जमीन जहाजांतून जाताना पाहत होते.

दुसऱ्या महायुद्धात या बेटाने जे सोसले, त्याला तुलना नाही. डिसेंबर १९४० मध्ये जर्मन युद्धनौकांनी फॉस्फेटची जहाजे बुडवली आणि धक्क्यावर तोफा डागल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये जपानी उतरले. १९४३ मध्ये त्यांनी सुमारे १,२०० नाउरूवासीयांना दूर ट्रक बेटांवर वेठीला नेले. युद्ध संपल्यावर ३१ जानेवारी १९४६ रोजी जे परतले, ते होते ७३७. पुढे स्वातंत्र्यासाठी नाउरूने तारीख निवडली तीच, ३१ जानेवारी.

परतलेल्यांमध्ये हॅमर डीरोबर्ट नावाचा एक शिक्षक होता. १९५० च्या दशकात तो बेटाचा मुख्य नेता झाला आणि त्याने कमिशनर्सपुढे आकड्यांचे प्रश्न मांडायला सुरुवात केली. जगात भाव काय, तुम्ही देता काय? संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त परिषदेतही हे प्रश्न गेले. खनिज शतक संपता संपता संपेल, हे तोवर उघड झाले होते. ऑस्ट्रेलियाने मग एक तोडगा सुचवला. नाउरूच्या सर्व लोकांनी क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरच्या कर्टिस बेटावर राहायला जावे, घरे-नोकऱ्या देऊ. तिथे आपले राज्य नसेल, आपण ऑस्ट्रेलियाचे सामान्य नागरिक होऊ, हे कळल्यावर १९६४ मध्ये नाउरूने नकार दिला. जगातल्या फार थोड्या समाजांनी इतका मोठा निर्णय इतक्या स्वच्छ मनाने घेतला असेल.

३१ जानेवारी १९६८ रोजी नाउरू स्वतंत्र झाला आणि डीरोबर्ट पहिला राष्ट्राध्यक्ष. खाणीची यंत्रे, रूळ, धक्का हे सगळे कमिशनर्सकडून २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला विकत घेऊन १९७० मध्ये नाउरूने धंदा आपल्या हाती घेतला. आणि लवकरच दैवाने साथ दिली. १९७३-७४ मध्ये फॉस्फेटचा सर्वांत मोठा निर्यातदार मोरोक्को याने भाव कित्येक पटींनी वाढवले. नाउरू रातोरात जगातल्या सर्वाधिक दरडोई उत्पन्नाच्या देशांत जाऊन बसला. आयकर नाही, औषधपाणी फुकट, शिक्षण फुकट, शिकायला ऑस्ट्रेलियात पाठवायचे तेही सरकारी खर्चाने. ज्यांनी अर्ध्या पेनीवर दिवस काढले आणि ट्रकच्या छावण्यांत आपली माणसे पुरली, त्यांच्या घरात आता मोटारी आणि वातानुकूलन यंत्रे आली. त्या सुखाला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

हिशेब मात्र तपासलाच पाहिजे. हातची जमीन विकून आलेल्या पैशावर घर चालवणाऱ्या शेतकऱ्याला गावातले जाणते लोक काय सांगतात? हे उत्पन्न नाही बाबा, हे मुद्दल आहे. राष्ट्रीय उत्पन्नाची जगभरची पद्धत ही गोष्ट सांगत नव्हती. यंत्र झिजले तर घसारा धरत असे, खनिज संपले तर काहीच वजा करत नसे. नाउरू जितके जोरात खणेल, तितका तो कागदावर श्रीमंत.

जागतिक बँकेतले इजिप्शियन अर्थतज्ज्ञ सलाह एल सेराफी यांनी १९८९ मध्ये, म्हणजे नाउरू हेगला गेला त्याच वर्षी, यावर एक सोपी रीत मांडली. खाणीतून खर्च वजा जाता १०० रुपये हाती आले. यातले खरे उत्पन्न तेवढेच, जेवढे खनिज संपल्यावरही कायम मिळत राहील. म्हणून एक भाग बाजूला काढून गुंतवावा, त्याच्या व्याजाने पुढे तेच उत्पन्न चालू राहावे. व्याज ५ टक्के धरले आणि साठा ३० वर्षे पुरणारा असला, तर १०० पैकी सुमारे २२ रुपये बाजूला काढावे लागतात. साठा १० वर्षांचाच उरला असेल, तर सुमारे ५८. ही रीत नीट पाहिली तर तिच्यातली कठोर गोष्ट लक्षात येते. खनिज जसजसे संपत जाते, तसतशी बचत वाढवावी लागते आणि खर्चाचा वाटा कमी करावा लागतो. राज्यकर्त्याला हे सर्वांत अवघड, कारण तोवर लोकांच्या गरजा आणि सवयी वाढलेल्या असतात.

नाउरूच्या नेत्यांना हे कळत नव्हते असे मुळीच नाही. नाउरू फॉस्फेट रॉयल्टीज ट्रस्ट होता, दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीसाठी आणि जमीन पूर्ववत करण्यासाठी वेगवेगळे निधी होते. कल्पना सुज्ञ होती, तिला कुंपण नव्हते. ट्रस्टच्या पैशातून मेलबर्नला १९७७ मध्ये ५२ मजल्यांचे ‘नाउरू हाउस’ उभे राहिले. इतर देशांत हॉटेले आणि इमारती घेतल्या गेल्या. एअर नाउरूचा बोइंग विमानांचा ताफा प्रशांत महासागराच्या कानाकोपऱ्यात उडत होता, बहुतेक वेळा अर्ध्याअधिक रिकाम्या खुर्च्या घेऊन. १९९३ मध्ये लंडनच्या वेस्ट एंडवर लिओनार्दो दा विंचीवरच्या एका संगीत नाटकाला नाउरूने पैसा पुरवला. ते काही आठवड्यांतच बंद पडले. परदेशी सल्लागार आले, फी घेऊन गेले. काहींनी सरळ फसवले.

सर्वांत वाईट गोष्ट नाटकाची नव्हती. ती होती दरवर्षीच्या अंदाजपत्रकाची. खनिजाची प्राप्ती घटू लागली, खर्च कमी झाला नाही. मग ट्रस्टच्या मालमत्ता तारण ठेवून कर्जे काढली गेली. नव्वदच्या दशकाच्या आरंभी ट्रस्टची किंमत एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर असल्याचे अंदाज होते. पण मालमत्ता आणि तिच्यावरचे कर्ज एकत्र मांडलेला हिशेब लोकांपुढे येतच नव्हता.

हेगच्या दाव्यामागे भक्कम तयारी होती. श्रीलंकेचे विधिज्ञ क्रिस्टोफर वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने नाउरूच्या जुन्या कागदपत्रांची छाननी करून विश्वस्त देशांची जबाबदारी तपशिलाने मांडली होती. २६ जून १९९२ रोजी न्यायालयाने ऑस्ट्रेलियाचे बहुतेक प्राथमिक आक्षेप फेटाळले आणि दावा चालवण्याचे ठरवले. मूळ मुद्द्यावर निकाल येण्याआधीच ऑगस्ट १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने तडजोड केली: १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, त्यातले ५ कोटी वीस वर्षांच्या हप्त्यांनी. ब्रिटन आणि न्यूझीलंडने प्रत्येकी १ कोटी २० लाखांचा वाटा उचलला. एवढ्याशा देशाने मिळवलेला हा विजय खराखुरा होता. ज्या जमिनीसाठी तो मिळवला, तिचा फारच थोडा तुकडा आजवर सपाट झाला आहे. टॉपसाइडवर आजही चुनखडीचे उघडे सुळके उन्हात तापत उभे आहेत. तिथे ना शेती होते, ना घर बांधता येते.

बेटाचा जवळजवळ चार पंचमांश भाग असा निकामी झाला. देशातले सगळे आयुष्य किनारपट्टीच्या चिंचोळ्या कड्यावर आले. झाडे गेली, फळे गेली, आणि खाण्याचे सगळे डबाबंद, पॉलिश तांदूळ आणि साखर, जहाजाने येऊ लागले. ऑस्ट्रेलियन डॉक्टर पॉल झिमेट यांनी १९७५ मध्ये केलेल्या तपासणीत सुमारे एक तृतीयांश प्रौढांना मधुमेह आढळला. हा आजारही खनिजाच्या किमतीतच मोजायला हवा. अर्थशास्त्राच्या पुस्तकात घसाऱ्याच्या रकान्यात तो सापडणार नाही, पण नाउरूच्या प्रत्येक कुटुंबात सापडेल.

कोसळणे झपाट्याने झाले. नव्वदच्या दशकात उत्पन्नासाठी देशाने परदेशी बँकांची नोंदणी विकायला सुरुवात केली. चारशेच्या आसपास बँका एकाच टपालपेटीच्या पत्त्यावर नोंदल्या गेल्या. १९९८ या एका वर्षात रशियातून ७० अब्ज डॉलर नाउरूच्या खात्यांमार्फत बाहेर गेल्याचे रशियाच्या मध्यवर्ती बँकेने सांगितले. मग जगाने निर्बंध घातले. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाने ‘टॅम्पा’ जहाजावरून आलेल्या आश्रय मागणाऱ्यांना आपल्या किनाऱ्यावर उतरू दिले नाही आणि मदतीच्या मोबदल्यात नाउरूवर छावणी उघडली. ज्या देशाने एकेकाळी कर्टिस बेटावर जाणे नाकारले, त्याच्यावर आता दुसऱ्यांची नको असलेली माणसे ठेवून घेण्याची पाळी आली. २००४ मध्ये कर्ज देणाऱ्या जीई कॅपिटलने ट्रस्टच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या आणि नाउरू हाउस विकले गेले. बँक ऑफ नाउरूमध्ये लोकांच्या ठेवी अडकल्या. सरकारी नोकरांचे पगार महिनोन्‌महिने थकले. डिसेंबर २००५ मध्ये शेवटचे विमानही जप्त झाले.

अशा कहाणीवर लोक चटकन म्हणतात, लहान देश, अडाणी लोक, हाती पैसा आला की उडवणारच. हे धादांत खोटे आहे, आणि त्याचा पुरावा शेजारीच आहे. बानाबाचे फॉस्फेट ज्या ब्रिटिश वसाहतीत होते, तिच्या कारभाऱ्यांनी १९५६ मध्ये खनिजावरच्या करातून एक राखीव निधी सुरू केला. १९७९ मध्ये बानाबाची खाण संपली आणि त्याच वर्षी किरिबाती हा देश स्वतंत्र झाला. निधी परदेशी रोख्यांत आणि समभागांत विखरून गुंतवलेला होता, व्यवस्थापन व्यावसायिक संस्थांकडे होते आणि काढायच्या पैशाला संसदेची परवानगी लागे. खनिज संपून चार दशके उलटली, तरी तो निधी एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा मोठा आहे. किरिबाती आजही गरीब आहे, पण अडीअडचणीच्या वर्षी त्याला या निधीचा आधार असतो. याची किंमत बानाबाच्या लोकांनी मोजली हेही विसरता येणार नाही. १९४५ मध्ये त्यांना फिजीतल्या राबी बेटावर हलवण्यात आले आणि लंडनच्या न्यायालयात वर्षानुवर्षे लढूनही त्यांच्या पदरी फारसे पडले नाही. एका बेटाचे मुद्दल टिकले, पण मालक बदलून टिकले.

नाउरूने पुढे २००६ च्या सुमारास सुळक्यांच्या तळाशी उरलेले फॉस्फेट काढायला सुरुवात केली. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलिया, तैवान आणि आशियाई विकास बँकेच्या मदतीने पुढच्या पिढ्यांसाठी नवा ट्रस्ट उभारला. या वेळी त्याला कुंपण घातलेले आहे. समुद्राची पातळी वाढत असताना किनाऱ्यावरची वस्ती टॉपसाइडवर न्यायची आहे, म्हणजे जी जमीन खणून टाकली तीच पुन्हा भरून तिच्यावर राहायचे आहे. त्यासाठी पैसे उभे करायला २०२५ मध्ये देशाने आपले नागरिकत्व किमान १,०५,००० अमेरिकी डॉलरला देऊ केले.

या सगळ्याचा आपल्याशी एक प्रत्यक्ष धागा आहे. ओडिशातली परादीप फॉस्फेट्स ही खत कंपनी १९८१ मध्ये भारत सरकार आणि नाउरू सरकार यांच्या भागीदारीत स्थापन झाली. स्वतःचे खनिज संपण्याआधी खताच्या धंद्यात कायमची जागा मिळवण्याचा नाउरूचा तो चांगला प्रयत्न होता. १९९३ मध्ये नाउरूने आपला हिस्सा काढून घेतला. २००२ मध्ये भारत सरकारने आपला मोठा वाटा झुआरी आणि मोरोक्कोची ओसीपी यांच्या संयुक्त कंपनीला विकला. झुआरी गोव्याची, आणि गोव्याची खाण फॉस्फेटची नसली तरी प्रश्न तोच.

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतून मांडवी आणि जुवारीच्या बार्जांमधून लोहखनिज मुरगावला गेले आणि तिथून जपान-चीनला. २०१०-११ मध्ये निर्यात पाच कोटी टनांच्या आसपास पोहोचली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, गोव्याची खाणलीज २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, त्यानंतरचे खाणकाम बेकायदा होते. त्याच निकालात पुढच्या पिढ्यांसाठी खनिजविक्रीच्या १० टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी स्थापण्याचा आदेश झाला. न्यायालयाने हे केले, विधानसभेने नव्हे. गोवा फाउंडेशन ही संस्था तर खनिजाची सगळीच किंमत निधीत जावी, अशी मागणी करत आली आहे. देशाच्या २०१९ च्या राष्ट्रीय खनिज धोरणाने खनिजाला सर्वांचा सामायिक वारसा आणि राज्याला त्याचे विश्वस्त म्हटले. तरीही राज्यांच्या अंदाजपत्रकात रॉयल्टी आजही करेतर महसूल म्हणून जमा होते आणि त्याच वर्षी खर्ची पडते.

गोव्याच्या, तसेच खाणी असलेल्या चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या वाचकांनी आपापल्या आमदाराला दर अधिवेशनात तीन आकडे विचारावेत: यंदा किती टन खनिज गेले, बाजारभावाने त्याची किंमत काय होती आणि त्यातले किती निधीत पडले.